सगळ्याच मांजरींना बॅकस्टोरी कायले पाहिजे?

रोझटेल नावाची एक म्हातारी मांजर आहे. वॉरियर्स नावाची जी रानमांजरांच्या टोळ्यांची सिरीज आहे, तिच्या 2003 सालच्या पहिल्याच पुस्तकात शॅडोक्लॅन टोळीचे लढवय्ये थंडरक्लॅन टोळीच्या तळात घुसतात, तेव्हा त्यांना आडवी जाते आणि जिवानिशी जाते ती ही रोझटेल. बस्स, एवढंच. मायबाप कोण, तरुणपणी कशी होती, कोणाशी पटत होतं, कोणाशी नाही, काहीच सांगितलं नाही. मला विचाराल तर त्या पुस्तकातल्या सगळ्यात चांगल्या जागांपैकी ही एक आहे, कारण हिरोच्या मागेमागे पळताना आपण ज्या म्हातारीकडे नीट बघितलं पण नव्हतं ती तिथे रोज राहत होती, खात होती, पिल्लांवर लक्ष ठेवत होती, आणि वेळ आली तेव्हा कोणी न सांगता उभी राहिली, हे एका झटक्यात समजतं.

मग 2009 मध्ये ब्लूस्टार या टोळीप्रमुख मांजरीचं पूर्वायुष्य सांगणारं एक जाडं पुस्तक आलं आणि त्यात रोझटेल आपल्याला लहानपणी भेटते, तेव्हा तिचं नाव रोझपॉ, तिला एक बहीण आहे, एक भाऊ आहे, बहीण आजारी पडून मरते वगैरे वगैरे. वाईट लिहिलंय असं नाही म्हणत मी. पण ते वाचल्यावर रोझटेलच्या मरणाला एक ग्रॅम तरी वजन वाढलं का? माझ्या मते नाही वाढलं. उलट ती आधी एक अख्खी म्हातारी होती, आता ब्लूस्टारच्या गोष्टीतली एक मैत्रीण झाली.

माझी भाची यवतमाळला शाळेत आहे, सुट्टीत आमच्या खेड्यावर आली की ही इंग्रजी पुस्तकं पिशवी भरून आणते, तिचं म्हणणं एकदम उलटं आहे. ती म्हणते, मामा, नाव दिलं तर गोष्ट द्यायलाच पाहिजे ना, नाहीतर नाव द्यायचं कशाला? पुस्तकाच्या सुरुवातीला टोळीवार यादी असते, प्रमुख कोण, उपप्रमुख कोण, वैद्य कोण, लढवय्ये, शिकाऊ, पिल्लांच्या आया, म्हातारे, त्यातल्या प्रत्येक नावावर तिला बोट ठेवून विचारायचं असतं की हा कोण आणि हिचं पुढे काय झालं. हाफटेलची शेपूट अर्धी कशी झाली, वनआयचा डोळा कशाने गेला. पोट्टी आहे, तिने विचारायलाच पाहिजे, न विचारणारं पोरगं पुस्तक वाचत नाही तर पानं उलटवतं. माझं भांडण तिच्याशी नाही. भांडण आहे ते या मागणीला 'हो हो, घ्या' म्हणून दुकान उघडून बसणाऱ्या प्रकाशनाशी, आणि ते फक्त मांजरींपुरतं नाही, आजकाल कोणतीही मोठी सिरीज घ्या, मागे कोपऱ्यात उभा असलेला माणूस दिसला की त्याचा प्रीक्वल आलाच समजा.

वॉरियर्सच्या पुस्तकांवर लेखिका म्हणून छापलेलं एरिन हंटर हे काही एका बाईचं नाव नाही, कितीतरी जण मिळून लिहितात आणि सगळ्यांसाठी ते एक टोपणनाव आहे, म्हणजे हे मुळातच टीमने चालणारं काम, त्यामुळे मूळ कथेच्या बाजूला जाडे विशेष भाग, छोट्या कथा, माहितीची पुस्तकं असं सगळं निघत गेलं. आता गंमत बघा. ते जाडे विशेष भाग कोणाचे आहेत? फायरस्टार, ब्लूस्टार, क्रुकेडस्टार, टॉलस्टार, ब्रॅम्बलस्टार. या दुनियेत नावाच्या शेवटी स्टार लागतो तो फक्त टोळीप्रमुखाच्या. मधे एखाद्या वैद्य मांजरीचा किंवा साध्या लढवय्याचा नंबर लागतो, पण वजन कुठे आहे ते दिसतंच. म्हणजे 'प्रत्येकाची गोष्ट महत्त्वाची' म्हणत म्हणत बॅकस्टोरी शेवटी पाटलाच्याच वाड्यावर जाते बाप्पा! रोझटेलला पण जे काही मिळालं ते ब्लूस्टारच्या पुस्तकात, तिच्या अंगणात उभं राहून मिळालं. ज्यांना वाटतं की मागची गोष्ट सांगणं म्हणजे लहान माणसाला न्याय देणं, त्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

आणि दुसरा प्रॉब्लेम फारच विनोदी आहे. डस्टपेल्ट आणि फर्नक्लाउड ही मूळ सिरीजमधली एक जोडी, सुखाने संसार केलेली, पिल्लंबाळं असलेली. डस्टपेल्टचे मायबाप कोण हे मूळ पुस्तकांत सांगितलेलं नव्हतं आणि कोणाचं काही अडत पण नव्हतं. नंतर मागे जाऊन सगळ्यांना मायबाप वाटायला सुरुवात झाली आणि त्या नंतरच्या वंशावळीप्रमाणे डस्टपेल्ट हा फर्नक्लाउडचा सख्खा मामा निघाला! भाचीने हे मला सांगितलं तेव्हा ती स्वतःच वैतागली होती. मी म्हटलं, बघ, तुलाच पाहिजे होती ना सगळ्यांची वंशावळ. यावर ती म्हणाली की वंशावळ नीट करायची असती तर नीट झाली असती, चूक करणाऱ्याची आहे, मागणाऱ्याची नाही. बरोबर आहे तिचं, तेवढं मान्य. पण माझा मुद्दा असा आहे की जिथे लेखकाने विचारच केला नव्हता तिथे नंतर जाऊन विचार केल्याचं सोंग आणलं की कुठेतरी धागा उसवतोच, कारण पुस्तकातल्या बाकीच्या गोष्टी त्या मोकळ्या जागेच्या भरवशावर लिहिलेल्या असतात.

टोलकिनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अंगठीच्या महाकथेत एक वाक्य येतं, खाणीच्या अंधारात वाट काढताना अॅरागॉर्न वाट दाखवणाऱ्या गॅन्डाल्फ जादूगाराबद्दल म्हणतो की राणी बेरूथिएलच्या मांजरींपेक्षा याला वाट चांगली सापडते. ही राणी कोण, तिच्या मांजरी कोणत्या, पुढे कुठे काही नाही. 1955 मध्ये टोलकिनने एका पत्रात सरळ लिहून टाकलं होतं की या मांजरींबद्दल आपल्यालाही अजून काही कळलेलं नाही. मग नंतर त्याने ती गोष्ट जुळवली, नऊ काळ्या मांजरी, एक पांढरी, आणि 1980 मध्ये त्याच्या मुलाने अपुऱ्या राहिलेल्या कथा छापल्या त्यात ती आली. चांगली आहे गोष्ट. पण त्या खाणीच्या अंधारात जी थंडी वाजते ती त्या एका वाक्याने वाजते, खुलाशाने नाही.

आमच्याकडे पोळ्याला गावातल्या सगळ्या जोड्या तोरणाखाली आणून उभ्या करतात, आदल्या दिवशी खांदे शेकून बैलांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून झालेलं असतं. मानाची जोडी पुढे, तिला मखर, झडत्या म्हणणारे तिच्या बाजूला, आणि मागे कोणाकोणाचे सर्जा, पवळ्या, ढवळ्या अशी रांग लागलेली. आता त्या रांगेतला प्रत्येक बैल कोणत्या बाजारातून आणला, केवढ्याला आणला, आधी कोणाकडे होता, हे माइकवरून सांगत बसलं तर रात्र झाली तरी पोळा फुटणार नाही. आणि उलट करून बघा, मागची रांगच काढून टाका आणि मानाची जोडी एकटी उभी करा. मग तो पोळा नाही, नुसती एक सजवलेली जोडी आहे. पुस्तकातली ती नावांची यादी म्हणजे ही मागची रांग. तिने तिथे असणं हेच तिचं काम आहे, आणि ज्याचा तो बैल आहे त्याला त्याचं सगळं माहीत असतंच की.

बैलावरून आठवलं, पंचतंत्राची सुरुवात बघा. महिलारोप्य नगरातला वर्धमानक व्यापारी मथुरेला निघतो, गाडीला दोन बैल, संजीवक आणि नंदक. वाटेत यमुनेच्या काठी संजीवकाचा पाय मोडतो, त्याला तिथेच सोडून तांडा पुढे जातो, राखणीला ठेवलेली माणसं पण दुसऱ्या दिवशी पळून येतात आणि बैल मेला म्हणून थाप मारतात, इकडे संजीवक बरा होतो, त्याच्या डरकाळीने पिंगलक सिंह घाबरतो आणि तिथून करटक-दमनकाचं सगळं राजकारण सुरू होतं. आणि नंदक? तो गाडी ओढत पुढे गेला तो गेला. दीड-दोन हजार वर्षं झाली, किती भाषांत ती गोष्ट फिरली, कोणाचं काही अडलं नाही. पण एकच बैल असता तर? मग संजीवक मागे राहिला असं म्हणताच आलं नसतं, मागे राहायला पुढे जाणारा कोणीतरी लागतो. नंदकाचं नाव एवढ्यासाठीच आहे आणि एवढ्यासाठी ते पुरेसं आहे.

आता इथे कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की भाऊ हे तर मोठ्या लोकांच्या सोयीचं बोलणं झालं, राजाची गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं. या आक्षेपात दम आहे आणि त्याला नंदकाच्या उदाहरणाने उत्तर मिळत नाही. त्यासाठी दुसरी एक सिरीज बघावी लागते.

रेडवॉल. पहिलं पुस्तक 1986 चं, लिहिणारा ब्रायन जॅक्स, लिव्हरपूलचा, दुधाची गाडी चालवायचा आणि अंध मुलांच्या शाळेत दूध द्यायला जायचा, त्या पोरांसाठी त्याने ही गोष्ट लिहिली (म्हणूनच त्यात जेवणाच्या पंगतींची एवढी वर्णनं आहेत की वाचताना भूक लागते). मठात राहणारे उंदीर, बिज्जू, चिचुंद्र्या चांगले, आणि चाल करून येणारे घुशी, फेरेट, मुंगसासारखे दिसणारे ते स्टोट-वीझल सगळे वाईट. क्लूनी नावाची भयंकर घूस आपली फौज गाडीत भरून येत असते, तेव्हा ती स्कलफेस नावाच्या आपल्याच एकाला धावत्या घोड्यावर उडी मारायला लावते, तो खाली पडतो, चाकाखाली येतो, संपला. एका पानात जन्म आणि एका पानात मरण. इथपर्यंत मला चालतं, कारण त्याच्या मरणातून क्लूनी कशी आहे हे कळतं, आणि तो घाबरला होता हेही कळतं, म्हणजे थोडं का होईना ते मरण त्याचं स्वतःचं आहे.

मला खटकतं ते पुढचं. एकापाठोपाठ एक पुस्तकं येतात आणि त्यांत अशा नावांच्या घुशी आणि फेरेट येतात आणि पटापट मारले जातात, आणि त्यांची मागची गोष्ट सांगायची गरजच पडत नाही, कारण ते घूस आहेत हीच त्यांची मागची गोष्ट धरलेली आहे. 1995 च्या एका भागात वेल नावाचं फेरेटचं पिल्लू मठातच वाढतं, त्याला पुरती बॅकस्टोरी मिळते, आई-बाप, टाकून देणं, सांभाळणारी, सगळं. तरी पुस्तक त्याच्याकडे बघतं ते संशयानेच. म्हणजे बॅकस्टोरी देऊनही काम झालं नाही. कारण खोट बॅकस्टोरीच्या असण्या-नसण्यात नव्हती, जन्मावरून निकाल आधीच लावून ठेवलेला होता त्यात होती.

विदर्भात राहणाऱ्या माणसाला हे वाचताना फासेपारधी आठवल्याशिवाय राहत नाहीत, निदान मला तरी. 1871 चा इंग्रजांचा कायदा, अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवून टाकल्या, 1952 मध्ये त्यांना त्यातून मोकळं केलं, पण आजही आमच्या भागात कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवरच जाते. तिथे पण नाव कोणाला माहीत नसतं असं नाही, नाव घेऊनच हाक मारतात. पण नावाच्या आधी जमात येऊन उभी राहते. तेव्हा माझी रेघ मी इथे ओढतो: छोट्या पात्राला मागची गोष्ट नको, पण त्याला स्वतःचं एक काम पाहिजे, एक तरी हालचाल जी त्याच्या जातीची नाही, त्याची आहे. रोझटेलला ते होतं. रेडवॉलच्या कितीतरी घुशींना नव्हतं.

आणि दुसरी रेघ पुस्तक आणि पेपर यांच्यामधली. हे सांगणं भाग आहे कारण आमच्या भागात प्राण्यांच्या गोष्टी फक्त पुस्तकात होत नाहीत. ताडोब्यातल्या वाघांना माया, मटकासुर, वाघडोह अशी नावं मिळाली, कोणाची आई कोण, कोणाने कोणाचा एरिया घेतला हे जिप्सीवाले तुम्हाला घडाघडा सांगतील. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय 2016 मध्ये गायब झाला तर देशभर चर्चा. टिपेश्वरचा एक वाघ चालत चालत पार बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला तर त्याचा नकाशा छापून आला. छापावाच, मी पण आवडीने बघितला. पण अवनी. राळेगाव-पांढरकवडा भागातली टी-1 वाघीण, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री तिला गोळी घातली, तिच्या नावावर 13 माणसं होती. अवनी नाव आजही सगळ्यांना पाठ आहे, तिची दोन पिल्लं माहीत आहेत, त्या रात्री काय झालं यावर अजून वाद होतात. आता त्या 13 पैकी एकाचं तरी नाव सांगा. 'शेतमजूर ठार', 'गुराखी ठार', 'शेतात गेलेली महिला ठार', एवढ्यावर बातमी संपते, आणि खेड्यातल्या माणसालाही पुढच्या गावात मेलेल्या माणसाचं नाव आठवत नाही. वाघाला अख्खी सिरीज आणि माणूस यादीत.

इथे मी माझ्या भाचीच्या बाजूने आहे, पूर्णपणे. कारण रोझटेलच्या मागे खरंच काही नव्हतं, ती लेखिकांच्या डोक्यातून त्या एका ओळीपुरती आली होती आणि त्या ओळीत पूर्ण होती. गुरं घेऊन गेलेल्या माणसाच्या मागे घर होतं, सोसायटीचं कर्ज होतं, त्या दिवशी तो त्याच रानात का गेला याला कारण होतं, गायरान बंद झालं, चराई राहिली नाही, कुंपणाला पैसा नाही, आणि ते कारण छापून आलं असतं तर वाघ-माणूस भांडणाबद्दल आपण जे काही टीव्हीवर बोलतो ते बदललं असतं. पेपरवाल्याने बॅकस्टोरी गाळली तर खरी गोष्ट गाळली जाते. कादंबरीवाल्याने गाळली तर काहीच गाळलं जात नाही, कारण ती तिथे नव्हतीच. या दोन गोष्टी आपण एकमेकींत मिसळतो, पेपरात मागची गोष्ट मागत नाही आणि मांजरींसाठी मात्र पुस्तकामागून पुस्तक मागतो.

मग मराठीत असं काही लिहायचं झालं तर? म्हणजे चांगलं लांबलचक, पाच-सहा भागांचं, मेळघाटात किंवा टिपेश्वरला घडणारं, रोही, अस्वल, सायाळ, टिटवी, तडस अशा सगळ्यांचं. माझी फार इच्छा आहे की कोणीतरी लिहावं. आपल्या पोरांच्या प्राणीकथांत आजही एक कोल्हा असतो, एक कावळा असतो, फार तर एक ससा, आणि जंगल म्हणजे तीन प्राणी आणि एक विहीर. बाकीचं जंगल कुठे गेलं? लिहिणाऱ्याला भीती वाटते की एवढी नावं आणली तर सगळ्यांचं काहीतरी करावं लागेल. करावं लागत नाही, हेच तर मी मघापासून सांगतोय.

आणि हे आपल्याला शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटाने लीळाचरित्र रचलं, चक्रधरांना भेटलेल्या माणसांकडे जाऊन, विचारून विचारून आठवणी गोळा केल्या. त्यात किती माणसं येतात! कोणी जेवण घेऊन येतो, कोणी शंका विचारतो, कोणी रुसतो, एका लीळेत येऊन दुसरीत दिसतही नाही. कोण कुठला, बहुतेकांचं काही सांगितलेलं नाही, आणि तरी ते वाचताना अख्खा प्रदेश डोळ्यासमोर हलतो. त्यातच ती सशाची लीळा आहे, शाळेत असते पुष्कळांना. शिकारी आणि कुत्रे मागे लागलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपतो, ते त्याला देत नाहीत, शिकारी समजूत पटून निघून जातात आणि मग ते सशाला जायला सांगतात. सशाला नाव पण नाही. पण तो पळतो, आसरा शोधतो, तो आसरा त्याने स्वतः निवडलेला आहे, हे त्याचं काम. म्हाइंभटाला कोणी विचारलं नसेल का की तो ससा आला कुठून? विचारलं असेल तर त्याने ते लिहून घेतलं नाही, आणि चांगलं केलं.

भाचीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणते, मामा, तुम्ही लिहा मग. मी काही लिहिणारा माणूस नाही, वाद घालणारा आहे. पण जो कोणी लिहील त्याला एवढीच विनंती, की पहिल्या भागात नाल्यावर पाणी प्यायला येणाऱ्या सायाळीला बिनधास्त नाव द्या, तिला तिथे एक खरं काम द्या, आणि तिसऱ्या भागाच्या वेळी संपादकाचा फोन आला की वाचक विचारतात त्या सायाळीचं पुढे काय झालं, तिचं एक छोटं पुस्तक काढू का, तर सांगा की गेली ती आपल्या कामाने, तुम्ही तिसरा भाग छापायला घ्या.